पावसात टिकणारी कापडी बॅग: स्प्रेची बाटली सगळ्यात शेवटी



बॅगांच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : "सर, कापडी बॅगेवर मारायला चांगला वॉटरप्रूफ स्प्रे कोणता?" आज त्याचंच उत्तर देणार आहे. पण उत्तर स्प्रेपासून सुरू होत नाही. का, ते एका प्रसंगावरून सांगतो.

आमच्या एका बॅचमधल्या ताईंना डोहाळजेवणाच्या रिटर्न गिफ्टसाठी 40 बॅगांची ऑर्डर मिळाली. महिना जुलै. खणाच्या सुंदर बॅगा, त्याला लाल सुती कापडाचे पट्टे. पावसाळा आहे म्हणून ताईंनी आठवणीने प्रत्येक बॅगेवर स्प्रे मारला. कार्यक्रम झाला, बायका बॅगा खांद्याला लावून बाहेर पडल्या आणि पाऊस आला. बॅगेतलं सामान बऱ्यापैकी कोरडं राहिलं. पण लाल पट्ट्यांचा रंग सुटला आणि तो बायकांच्या ब्लाउजवर, पदरावर उतरला. स्प्रे बॅगेच्या पोटावर होता, पट्ट्यांवर नव्हता. आणि तो लाल कपडा शिवण्याआधी एकदाही पाण्यातून काढलेला नव्हता. ताईंनी सगळे पैसे परत केले. पैसे पुन्हा कमावता आले, पण त्या घरातून दुसरी ऑर्डर कधी आली नाही.

या प्रसंगात स्प्रेने आपलं काम केलं होतं. चूक झाली ती स्प्रेच्या कितीतरी आधी, कापड कापायला घेतलं तेव्हा. म्हणून आजचा क्रम लक्षात ठेवा : आधी कापड, मग शिवण, मग अस्तर, आणि सगळ्यात शेवटी स्प्रे.

## पाणी आत जातं कसं?

हे एकदा समजलं की कोणता उपाय कुठे लागतो हे तुमचं तुम्हालाच कळेल.

कापड म्हणजे उभे-आडवे धागे, आणि त्यांच्यामध्ये बारीक भोकं. सुती धागा स्वतः पाणी पितो, आणि भोकातूनही पाणी जातं. त्यावर उपाय तीन प्रकारचे आहेत.

स्प्रे धाग्याभोवती पातळ थर देतो. मग धागा पाणी पीत नाही आणि थेंब अळवाच्या पानावर राहतो तसा वर गोल राहतो. पण भोकं तशीच उघडी असतात. हलक्या सरीत पाणी घसरून जातं. मात्र बॅग मांडीवर दाबली गेली, किंवा अर्धा तास मुसळधार पावसात राहिली, तर पाणी आत येणारच.

मेण धागेही झाकतं आणि भोकंही बऱ्यापैकी भरतं. बॅग जास्त पाणी झेलते, पण जड आणि कडक होते.

कोटिंग, म्हणजे कापडाच्या एका बाजूला पीयू किंवा पीव्हीसीचा सलग थर. यात भोकं पूर्ण बंद होतात. रेनकोट, छत्री, सॅक यांचं कापड असंच असतं. पण तुम्ही त्यावर टीप मारली की सुई पुन्हा भोकं पाडते! एका बॅगेला शेकडो टाके, म्हणजे शेकडो भोकं. म्हणून कोटिंगचं कापड वापरूनही बॅग शिवणीतून गळते.

थोडक्यात, घरी मशीनवर शिवलेली कापडी बॅग शंभर टक्के वॉटरप्रूफ होत नाही. ती पाणी रोखणारी, म्हणजे वॉटर रेझिस्टंट होते. गिऱ्हाइकाला हाच शब्द सांगायचा. का, ते शेवटी बोलू.

## पायरी 1 : कापड पाण्यातून काढा

कोरं सुती कापड आणलं की थेट कात्री लावायची नाही. मांजरपाट, कॅनव्हास, खादी, सुती प्रिंट, अस्तराचं कापड, पट्ट्यांचं कापड आणि सुती नाडीसुद्धा, सगळं आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी पिळून सावलीत वाळवा आणि इस्त्री करा. यातून तीन कामं होतात.

एक, कापड आटून घेतं. कोरं सुती कापड मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर सहज आटतं, जाड कॅनव्हास कधी जास्तच. बॅग शिवल्यावर बाहेरचं कापड आटलं आणि अस्तर आटलं नाही, तर पहिल्या धुण्यातच बॅग वेडीवाकडी होते.

दोन, खळ निघून जाते. खळ राहिली तर स्प्रे किंवा मेण धाग्यापर्यंत नीट पोचत नाही. शिवाय पावसाळ्यात खळीवर बुरशी लवकर येते.

तीन, रंग कळतो. पांढऱ्या रुमालाचा कोपरा ओला करा आणि कापडावर दहा-पंधरा वेळा जोरात घासा. रुमालावर रंग आला, तर ते कापड पट्ट्यांना, पायपिंगला आणि फिकट कापडाच्या शेजारी वापरायचं नाही. लाल, मरून, काळा आणि गडद निळा हे रंग तर तपासल्याशिवाय घ्यायचेच नाहीत.

"मीठ टाकून भिजवलं की रंग पक्का होतो," असं बऱ्याच ताई सांगतात. मंडळी, गिरणीतून रंगून आलेल्या कापडाचा कच्चा रंग घरच्या मिठाने किंवा व्हिनेगरने पक्का होत नाही. फार तर वरवरचा सुटा रंग धुऊन जातो आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं. तीन धुण्यांनंतरही रंग जात असेल तर ते कापड बाजूला ठेवा.

पैठणी, इरकल, सिल्क, जर किंवा आरसेकाम असलेलं कापड मात्र भिजवायचं नाही. त्याचं वेगळं, पुढे येतंय.

## पायरी 2 : पाणी शिवणीतून येतं, ती जागा कमी करा

तळाला शिवण नको. बॅगेचा पुढचा-मागचा भाग दोन तुकड्यांत कापून खाली जोडण्याऐवजी एकच लांब तुकडा घ्या आणि तळाशी घडी घाला. बॅग ओल्या जमिनीवर ठेवली जाते : बसमध्ये, लोकलमध्ये, भाजीवाल्यापुढे. तिथे शिवणच नसेल तर गळती निम्मी कमी झाली असं समजा.

तळाला वेगळं कापड लावा. बाहेरून तीन-चार इंच उंचीपर्यंत रेक्झिन किंवा गडद रंगाचं कोटिंगचं कापड. चिखलाचे आणि जमिनीचे डाग इथेच लागतात. ओल्या फडक्याने पुसलं की साफ. बॅग दिसायलाही भारी दिसते.

दोरा पॉलिस्टरचा घ्या. सुती दोरा पाणी पितो आणि ओलाव्याने कुजतो. कॅनव्हासला 16 किंवा 18 नंबरची सुई लावा. कोटिंगच्या कापडावर टाचण्या टोचायच्या नाहीत, त्या भोकांचं काही करता येत नाही. कपड्यांचे चिमटे किंवा क्लिपा लावा. पायाखाली कापड चिकटत असेल तर वर पातळ कागद ठेवून टीप मारा आणि नंतर कागद फाडून काढा.

चेन झाका. बॅगेच्या चेनमधून पाणी सगळ्यात सहज आत जातं. चेनवर एक इंचाची पट्टी पडेल अशी ठेवा, किंवा वरून झाकण द्या.

शिवणीवर मेण घासा. मधमाशीच्या मेणाची किंवा साधी मेणबत्तीची कांडी टिपेवरून दोनदा घासा आणि हेअर ड्रायरची गरम हवा द्या. मेण वितळून सुईच्या भोकांत बसतं. खर्च जवळजवळ शून्य. फक्त सुती आणि कॅनव्हासवर करा. सिल्कवर मेणाचा डाग पडतो.

कड्या आणि हूक लोखंडी नकोत. दुकानात जाताना छोटं लोहचुंबक बरोबर न्या. कडी चिकटली तर आत बहुधा लोखंड आहे. वरचं पॉलिश गेलं की गंज येणार आणि गंजाचा डाग कापडावर पडणार. तो डाग गिऱ्हाईक काही स्वतःकडे घेत नाही, तुमच्याकडेच येतो.

## पायरी 3 : अस्तर हीच खरी छत्री

बाहेरचं कापड ओलं झालं तरी आतलं सामान कोरडं राहायला हवं. गिऱ्हाइकाची काळजी मोबाईल, वही आणि पैशांची असते. म्हणून माझं मत असं की, पैसे घालायचे तर आधी अस्तरात घाला.

पीयू कोटिंगचं नायलॉन किंवा पॉलिस्टर कापड घ्या. बाजारात याला कुणी पॅराशूट म्हणतं, कुणी रेनकोटचं किंवा छत्रीचं कापड म्हणतं. दुकानात नावावर जाऊ नका. कापडाच्या तुकड्याचा खळगा करून त्यात थोडं पाणी घ्या आणि पाच मिनिटं थांबा. खालून झिरपलं नाही तर घ्या.

अस्तराची पिशवी बाहेरच्या बॅगेपासून वेगळी शिवून आत बसवा आणि फक्त वरच्या काठाला जोडा. म्हणजे तळाशी बाहेरची आणि आतली शिवण एकमेकींवर येत नाही. टिफिन बॅगेत असंच अस्तर लावा. भाजीचं तेल किंवा रस्सा सांडला तर आतून पुसता येतो आणि बाहेर डाग फुटत नाही. मात्र त्यात उघडी पोळी किंवा फळं थेट ठेवू नका, डब्यातच ठेवा, हे गिऱ्हाइकाला सांगा.

## पायरी 4 : आता स्प्रे किंवा मेण

आता आली बाटली. कापडावर डाग आणि पाणी बसू न देणाऱ्या रसायनांची गोष्ट तशी अपघातानेच सुरू झाली. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत एक रसायन चुकून कॅनव्हासच्या बुटावर सांडलं. पुढे त्या जागेवर पाणीही बसेना आणि डागही बसेना. पॅट्सी शर्मन आणि सॅम्युअल स्मिथ या दोन शास्त्रज्ञांनी त्याचा पाठपुरावा केला आणि 1956 मध्ये 'स्कॉचगार्ड' बाजारात आलं. पुढे लक्षात आलं की यातली फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत, आणि 2000 मध्ये कंपनीने जुनं रसायन बंद करण्याचं जाहीर केलं. म्हणून आज स्प्रे घेताना डब्यावर 'पीएफएएस-मुक्त' किंवा 'फ्लोरिन-मुक्त' लिहिलंय का, ते बघा. लहान मुलांच्या बॅगा आणि टिफिन बॅगेच्या आतल्या बाजूला स्प्रे मारूच नका.

स्प्रे मारायची पद्धत अशी :

- बॅग पूर्ण कोरडी आणि धूळ झटकलेली हवी.
- आधी कापडाच्या तुकड्यावर मारा आणि दुसऱ्या दिवशी बघा. रंग बदलला किंवा पांढरट डाग पडला तर तो स्प्रे त्या कापडासाठी नाही.
- गच्चीत किंवा उघड्या गॅलरीत, मास्क लावून मारा. जवळ गॅस, दिवा, उदबत्ती काही नको.
- एक जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ हात मारा. पट्टे आणि कोपरे विसरू नका!
- डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या. घाईत पॅक करू नका.

धुतल्यावर आणि घासल्यावर हा थर कमी होतो, म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा मारावा लागतो. हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगायचं.

मेणाचा कॅनव्हास हा दुसरा पर्याय. मधमाशीच्या मेणाची वडी कॅनव्हासवर सगळीकडे घासायची आणि हेअर ड्रायरने वितळवून जिरवायची. रंग थोडा गडद होतो, सुरकुत्या उठून दिसतात, आणि तेच अनेकांना आवडतं. पण मधमाशीचं मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत ठेवलेली अशी बॅग चिकट होणार. गरम पाणी, वॉशिंग मशीन आणि इस्त्री तिला चालत नाही. ऑफिस बॅग आणि प्रवासी बॅगेला ठीक, भाजीच्या पिशवीला नको.

## पैठणी, सिल्क, जरीच्या बॅगा

इथे कापडावर प्रयोग करायचे नाहीत. स्प्रेने सिल्कवर डाग पडू शकतो आणि जर काळवंडू शकते. अशा बॅगेबरोबर पातळ नायलॉनचं घडी होणारं कव्हर द्या, आत छोट्या खिशात बसेल असं. घरी ठेवायला मलमलची पिशवी द्या. बॅगेच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की यांनी विचार केलाय.

## डाग पडलाच तर?

हे आपल्याला माहीत हवं, कारण गिऱ्हाईक फोन आपल्यालाच करणार.

तेल : पाणी लावायच्या आधी टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर दाबून लावा आणि दोन-तीन तास ठेवा. झटकून मग भांड्याच्या लिक्विडने हलक्या हाताने धुवा.

हळद : साबण लावला की डाग लाल होतो, घाबरू नका. हळदीला चुना लावला की कुंकू होतं, तसंच हे. धुऊन उन्हात वाळवा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन उन्हांत फिकट होतो.

चहा : लगेच साध्या गार पाण्याने. वाळू दिला की जड जातं.

बॉलपेनची शाई : खाली जुना कपडा ठेवा आणि कापसावर सॅनिटायझर घेऊन टिपून घ्या. घासलं की पसरते.

बुरशी : सुकी असताना घराबाहेर ब्रशने झटका, उन्हात ठेवा, मग धुवा. काळे ठिपके एकदा बसले की बहुतेक वेळा पूर्ण जात नाहीत. म्हणून शिलकीतल्या बॅगा पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. भिंतीला आणि जमिनीला टेकू देऊ नका. सिलिका जेलच्या पुड्या टाका, ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढा.

## विकण्याआधी झारीची परीक्षा

नवीन डिझाइनची पहिली बॅग विकायची नाही, तिची परीक्षा घ्यायची.

बॅगेत वर्तमानपत्राचे बोळे भरून चेन लावा. झाडांना पाणी घालायच्या झारीने वरून पाच मिनिटं पाणी घाला. मग दहा मिनिटं ओल्या फरशीवर ठेवा. आता उघडा. कागद कुठे ओला झालाय? वर ओला असेल तर चेन, कडेला असेल तर शिवण, खाली असेल तर तळ. पुढच्या बॅगेत तिथे दुरुस्ती करा. शेवटी ओला पट्टा पांढऱ्या कपड्यावर घासा. त्या 40 बॅगांच्या वेळी एवढी एकच गोष्ट केली असती तर ऑर्डर वाचली असती.

या परीक्षेचा व्हिडिओ मोबाईलवर काढा आणि व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवा. यापेक्षा चांगली जाहिरात कुठली?

## आता हिशोब

समजा तुमची साधी बॅग 180 रुपयांत तयार होते आणि तुम्ही ती 350 ला विकता. वरचं सगळं केलं तर अंदाजे किती वाढेल? आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या बाजाराचे भाव टाका.

- कापड आटल्याने वाया जाणारं : 5 रुपये
- कोटिंगच्या अस्तराचा फरक : 25 रुपये
- तळाचं रेक्झिन : 15 रुपये
- स्प्रे : 12 रुपये
- तुमचा जादा वेळ, 25 मिनिटं, तासाला 80 रुपयांनी : 33 रुपये

एकूण 90 रुपये. म्हणजे बॅग 270 ला पडली. ती 350 लाच विकली तर तुमचा नफा 170 वरून 80 वर आला! म्हणून दोन प्रकार ठेवा : 'साधी' 350 ला आणि 'पावसाळी' 480 ला. दोन्ही शेजारी मांडा आणि फरक दाखवा. निवड गिऱ्हाईक करेल. आपला वेळ हिशोबात धरायला लाजू नका.

बाजार आहे, मंडळी. महाराष्ट्रात 2018 पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, आणि 31 डिसेंबर 2022 पासून देशभर 120 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक कॅरीबॅगना मनाई आहे. कापडी पिशवी लोकांच्या हातात आलीच आहे. पण ती पहिल्या पावसात रंग सोडणारी असेल, तर गिऱ्हाईक पुन्हा आपल्याकडे येणार नाही.

## बोला तेवढंच जेवढं तपासलंय

लेबलवर 'वॉटरप्रूफ' लिहू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे. आणि कायदा राहू द्या, गिऱ्हाइकाचा मोबाईल भिजला तर तिला काय सांगणार? त्यापेक्षा बॅगेत असं छोटं कार्ड टाका :

*"ही बॅग हलक्या पावसात आतलं सामान कोरडं ठेवते. मुसळधार पावसात फार वेळ उघड्यावर ठेवू नये. डाग लगेच ओल्या फडक्याने टिपावा. गार पाण्यात हाताने धुवावी, सावलीत वाळवावी. ओली बॅग बंद कपाटात ठेवू नये."*

पाच ओळी. पण हे कार्ड वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला कळतं की शिवणाऱ्या बाईने आपली बॅग पाण्याखाली धरून पाहिलेली आहे.

या आठवड्याचा गृहपाठ : घरात पडलेली तुमचीच एक जुनी बॅग घ्या आणि झारीची परीक्षा करा. कागद कुठे ओला झाला ते वहीत लिहून ठेवा. पुढची बॅग तिथून सुधारायला घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिवत राहा, विकत राहा!